वाहन, चालक, मालक आणि ‘त्रयस्थ’ : मोटार विम्याच्या कायद्याचा इतिहास आणि भंडारा जिल्हा

प्रस्तावना

मोटार वाहनाचा विमा हा विषय सामान्यतः वाणिज्य किंवा विधी शाखेच्या अभ्यासक्रमात येतो. इतिहासाच्या अभ्यासात त्याला क्वचितच स्थान मिळते. वस्तुतः समाजात कोणाचे नुकसान भरून द्यावयाचे, कोणी भरावयाचे आणि कोणाला स्वतःच्या नशिबावर सोडावयाचे, याबद्दलचे निर्णय या कायद्यात साठलेले आहेत. हे निर्णय एकदम झाले नाहीत. १९३९ ते २०२४ या कालखंडात संसद आणि न्यायालये यांनी ते टप्प्याटप्प्याने घेतले, काही वेळा मागे घेतले आणि पुन्हा घेतले. प्रस्तुत निबंधात या प्रक्रियेचा मागोवा घेऊन भंडारा जिल्ह्यासारख्या धानउत्पादक ग्रामीण भागात तिचा काय अर्थ होतो, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

या कायद्याच्या केंद्रस्थानी ‘त्रयस्थ’ ही संकल्पना आहे. मराठीत त्रयस्थ म्हणजे ज्याचा प्रकरणाशी संबंध नाही असा माणूस. विम्याचा कायदाही याच अर्थाने सुरू होतो. करारातील पहिला पक्ष विमेदार, दुसरा पक्ष विमा कंपनी आणि रस्त्यावर ज्याला धक्का लागला तो तिसरा. सक्तीचा विमा या तिसऱ्यासाठी आहे, मालकासाठी नाही, ही गोष्ट आजही अनेक वाहनधारकांच्या लक्षात येत नाही. यातून एक विलक्षण रचना निर्माण झाली. वाहनाशी ज्याचा संबंध सर्वांत कमी, त्या पादचाऱ्याला संरक्षण सर्वाधिक. आणि जसजसा माणूस वाहनाच्या जवळ येतो, म्हणजे प्रवासी होतो, मजूर म्हणून ट्रॉलीत बसतो, गाडी चालवतो किंवा तिचा मालक होतो, तसतसे ते संरक्षण आटत जाते. महानगरात माणूस बहुधा एकतर गाडीचा मालक असतो किंवा रस्त्यावरचा पादचारी. झाडीपट्टीतील माणूस मात्र बराचसा या दोहोंच्या मधल्या जागेत वावरतो. मेहुण्याची मोटारसायकल मागून नेणारा, वडिलांच्या नावावरचा ट्रॅक्टर हाकणारा, मंडईच्या रात्री मालवाहू पिकअपमध्ये उभा राहून परतणारा माणूस कायद्याच्या कोणत्या घरात बसतो, हा येथील खरा प्रश्न होय.

सक्तीच्या विम्याचा उगम

भारतातील पहिला अखिल भारतीय मोटार कायदा १९१४ चा. त्यात वाहनाची नोंदणी आणि चालकाचा परवाना यांची तरतूद होती, विम्याची नव्हती. त्या काळी अपघातात कुटुंबातील कर्ता माणूस दगावल्यास वारसांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दावा लावावा लागे. न्यायालय शुल्क भरून, साक्षीपुरावे उभे करून दावा जिंकला तरी वसुली कोणाकडून करायची, हा प्रश्न उरतच असे. एकाच जुन्या बसवर संसार चालविणाऱ्या मालकाविरुद्धचा हुकूमनामा म्हणजे बहुधा कागदच.

इंग्लंडमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने त्रयस्थ विमा सक्तीचा केला. त्यानंतर भारतात १९३६-३७ मध्ये मोटार वाहन विमा समितीने या प्रश्नाचा विचार केला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या विम्याचे आठवे प्रकरण समाविष्ट झाले. कायदा १९३९ साली अंमलात आला, पण हे प्रकरण लागू होण्यास १ जुलै १९४६ ही तारीख उजाडावी लागली. मध्ये दुसरे महायुद्ध होऊन गेले होते.

भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. नागपूरहून वैनगंगा ओलांडून भंडारा, साकोलीमार्गे रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड हा जिल्ह्याचा कणा होता. पुढे तोच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि २०१० च्या नव्या क्रमांकनानंतर ५३ म्हणून ओळखला जाऊ लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली तरी मोटार कायदा केंद्रीय असल्यामुळे विम्याची चौकट बदलली नाही. बदलली ती सार्वजनिक बससेवा. विदर्भातील प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस १९६१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. शासकीय वाहनांना आणि स्वतंत्र निधी उभारणाऱ्या राज्य परिवहन उपक्रमांना सक्तीच्या विम्यातून सूट देण्याची सोय १९३९ च्या कायद्यातही होती आणि १९८८ च्या कायद्यातही राहिली. त्यामुळे ज्या लाल गाडीने जिल्हा सर्वाधिक प्रवास करतो, तिच्यासाठी विमा कंपनीची पॉलिसी अनिवार्य असेलच असे नाही. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मात्र तिच्यावरही तेवढीच असते.

१९३९ च्या मूळ कायद्यात मालवाहू वाहनाबाबत विमा कंपनीची जबाबदारी २०,००० रुपयांपर्यंत मर्यादित होती. १९६९ च्या दुरुस्तीने ती ५०,००० आणि १९८२ च्या दुरुस्तीने १,५०,००० रुपये झाली. १९८८ च्या कायद्याने त्रयस्थाच्या मृत्यू वा इजेबाबतची ही मर्यादा काढून टाकली. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावे न्यायाधिकरणांची सोय झाली आणि दावेदाराची दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्यांतून काही प्रमाणात सुटका झाली. दाव्याची मुदत प्रथम ६० दिवस होती, १९६९ मध्ये ती सहा महिने झाली, १९९४ मध्ये मुदतीची अटच रद्द झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची अट पुन्हा आली. खेड्यातील कुटुंबाला कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर कागदपत्रे जमविण्यास किती काळ लागतो याचा विचार करता, हे शेवटचे पाऊल मागे पडलेले पाऊल आहे, असेच म्हणावे लागेल.

प्रवासी : आत बसलेला परका

त्रयस्थ कोण, या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी प्रवाशाच्या बाबतीत लागली. १९३९ च्या कायद्यानुसार भाडे देऊन किंवा नोकरीच्या कराराने प्रवास करणाऱ्यालाच सक्तीच्या विम्याचे संरक्षण होते. ओळखीने, आग्रहाने गाडीत बसलेल्याला ते नव्हते.

विदर्भाशी संबंधित रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीचे प्रकरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. डिसेंबर १९६० मध्ये कंपनीची मोटार नागपूरहून पांढुर्ण्याकडे जात असता रस्त्याकडेच्या झाडावर आदळली. गाडी कंपनीचा व्यवस्थापक चालवीत होता आणि त्याच्यासोबत असलेल्या प्रवाशाचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९७७ साली लागला. रस्ता सोडून गाडी झाडावर आदळते हीच निष्काळजीपणाची साक्ष आहे, आणि व्यवस्थापक कंपनीच्या कामावर असल्याने मालक कंपनी जबाबदार आहे, असे न्यायालयाने ठरविले. विमा कंपनीचे दायित्व मात्र पॉलिसीतील विशेष कलमाप्रमाणे १५,००० रुपयांपुरतेच राहिले. कारण सक्तीचा विमा असा प्रवासी धरतच नाही. अपघात ते अंतिम निकाल या प्रवासाला सोळा वर्षे लागली, ही बाब स्वतंत्रपणे विचारात घेण्यासारखी आहे.

१९८८ च्या कायद्यात कलम १४७ ची शब्दरचना बदलली आणि मालवाहू गाडीतील विनामूल्य प्रवाशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये सतपालसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रवाशालाही विमा लागू आहे असे म्हटले. अवघ्या तीन वर्षांत, डिसेंबर २००२ मध्ये, आशा राणी प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द केले. १४ नोव्हेंबर १९९४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने फक्त ‘मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी’ एवढ्यांनाच मालवाहू वाहनात स्थान दिले होते. म्हणजे तुमसरच्या बाजारात धानाची पोती घेऊन जाणारा शेतकरी आपल्या मालासोबत ट्रकमध्ये बसला तर त्याला संरक्षण आहे. त्याच ट्रकच्या परतीच्या फेरीत रिकाम्या हौद्यात बसून तोच शेतकरी गावी निघाला, तर कंपनीला हरकत घेण्यास जागा मिळते. पोती उतरली की संरक्षणही उतरते.

जानेवारी २००४ मधील बलजित कौर निर्णयाने हीच भूमिका कायम ठेवली, परंतु त्या विशिष्ट प्रकरणात विमा कंपनीने आधी रक्कम भरावी व मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. ‘आधी भरा, मग वसूल करा’ हे सूत्र पुढील दोन दशके अनेक गरीब दावेदारांचा आधार ठरले. पण तो हक्क नव्हे. तो न्यायालयाने दाखविलेला औदार्यभाव होता, आणि तो कोणाच्या वाट्याला येईल हे आधी सांगता येत नसे.

दुचाकीच्या बाबतीतही अशीच स्थिती आहे. २००६ साली तिलकसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मागे बसलेला स्वार हा केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत समाविष्ट नाही, असे ठरविले. २०१२ च्या बालकृष्णन निर्णयात याच मुद्द्याची दुसरी बाजू स्पष्ट झाली. पॉलिसी सर्वसमावेशक असेल तर गाडीतील माणसे तिच्यात येतात; ती केवळ कायद्यापुरती असेल तर येत नाहीत. लोकभाषेत ‘थर्ड पार्टी’ आणि ‘फुल विमा’ असे जे दोन शब्द रूढ आहेत, त्यांतील फरक ग्राहक बहुधा गाडीच्या दुरुस्तीपुरताच समजतो. मागे बसलेल्या पत्नीचे वा मुलाचे संरक्षण त्या फरकावर अवलंबून आहे, हे त्याला विक्रीच्या वेळी क्वचितच सांगितले जाते.

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि रोवणी

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात सर्वांत गुंतागुंतीचा भाग ट्रॅक्टरचा आहे. जून-जुलैत पाऊस लागला की बांध्यांत चिखलणी सुरू होते आणि रोवणीसाठी स्त्रियांची गटागटाने ने-आण होते. एका गावच्या बाया दुसऱ्या गावच्या शेतात रोवणीस जातात. रोजीने किंवा ठेक्याने काम ठरते आणि जाण्यायेण्याचे साधन बहुधा ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा मालवाहू पिकअप असते.

कायद्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर म्हणजे ओढणारे यंत्र. त्यावर एकच जागा, चालकाची. ट्रॉली हे स्वतंत्र वाहन असून तिची नोंदणी व विमा स्वतंत्रपणे पाहिला जातो. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामापुरती असते. शेतीकाम कोठे संपते, यावर न्यायालयांत बराच खल झालेला आहे. २००४ च्या चिन्नम्मा प्रकरणात भाजीपाला घेऊन बाजारात निघालेल्या विक्रेत्याचा ट्रॅक्टर-ट्रॉलीवरील प्रवासात मृत्यू झाला होता. ट्रॅक्टर हे मालवाहू वाहन नव्हे आणि बाजारात माल नेणे हे शेतीकाम नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्याच वर्षी नटवर पारिख कंपनीच्या प्रकरणात मात्र करआकारणीच्या प्रश्नावर त्याच न्यायालयाने ट्रॅक्टर-ट्रॉली हे मालवाहू वाहन ठरविले. कर घेताना मालवाहू आणि भरपाई देताना नाही, अशी ही विसंगती कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. ट्रॅक्टरमालकाला ती समजावून सांगणे कठीण.

२००७ च्या ब्रिजमोहन प्रकरणात माती भरून विटाभट्टीकडे जाणाऱ्या ट्रॉलीवरील मजूर खाली पडून जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा होता, ट्रॉलीचा नव्हता, आणि विटाभट्टीची माती वाहणे शेतीकामात बसत नव्हते. विमा कंपनी जबाबदार नाही असे सांगूनही न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ मधील विशेष अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे देण्यास सांगितले. २००८ च्या दर्शना देवी प्रकरणातही ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेल्या माणसाच्या मृत्यूबाबत हाच मार्ग स्वीकारला गेला.

रोवणीस जाणाऱ्या स्त्रीचा विचार केल्यास येथे आणखी एक अडचण दिसते. मजुराला मालकाचा कर्मचारी म्हणून कर्मचारी भरपाईच्या कायद्याखाली काही संरक्षण मिळू शकते आणि जादा हप्ता भरून पॉलिसीत ते घेताही येते. परंतु ती स्त्री ज्याच्या बांधीत रोवते तो एक, आणि ज्याची ट्रॉली तो दुसरा, असे पुष्कळदा घडते. ट्रॅक्टरमालक तिचा मालक नाही. ती भाडे देत नाही, म्हणून भाड्याची प्रवासी नाही. तिच्याजवळ माल नाही. पऱ्ह्यांच्या जुड्या असल्या तरी त्या शेतमालकाच्या. आणि रस्त्यावरून चालणारी नसल्याने ती रूढ अर्थाने त्रयस्थही नाही. तिच ट्रॉली तिला रस्त्याच्या कडेला धडकली असती तर तिचा दावा निर्विवाद ठरला असता.

चालक : परवाना कशाचा?

चालकाच्या बाबतीत कायद्याचा इतिहास तुलनेने समाधानकारक आहे. १९३९ च्या कायद्यातील कलम ९६ आणि १९८८ च्या कायद्यातील कलम १४९ यांनी विमा कंपनीला जे मोजके बचाव दिले, त्यांतील सर्वाधिक वापरला जाणारा बचाव म्हणजे चालकाजवळ योग्य परवाना नव्हता हा. १९८७ च्या स्कँडिया प्रकरणात चालक इंजिन चालू ठेवून, गाडी क्लीनरच्या हवाली करून खाण्यासाठी उतरला आणि क्लीनरने गाडी चालवून अपघात केला. मालकाने परवानाधारक चालक नेमला होता. त्याच्या पश्चात घडलेल्या गोष्टीबद्दल त्याला अटभंगाचा दोषी धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ५ जानेवारी २००४ च्या स्वर्णसिंग निर्णयाने हे तत्त्व पक्के केले. परवाना बनावट, मुदतबाह्य वा अपुरा असल्याचे दाखवून भागत नाही. मालकाने हेतुतः किंवा निष्काळजीपणे अट मोडली, हे कंपनीने सिद्ध करावयाचे असते. शिकाऊ परवानाही परवानाच होय, असेही त्या निर्णयात स्पष्ट झाले.

दुसरा प्रश्न परवान्याच्या प्रकाराचा. हलके वाहन चालविण्याचा परवाना असलेल्याने प्रवासी टॅक्सी किंवा छोटी मालवाहू गाडी चालविली तर काय? १९९४ च्या दुरुस्तीनंतर ‘परिवहन वाहन’ हा वेगळा वर्ग झाला आणि वर्षानुवर्षे कंपन्यांनी याच मुद्द्यावर दावे लढविले. जुलै २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात, ७,५०० किलोपर्यंतच्या परिवहन वाहनासाठी वेगळ्या शेऱ्याची गरज नाही, असा निर्णय झाला. त्यावर फेरविचार होऊन ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात तोच निर्णय कायम केला. साकोली वा लाखांदूरच्या ज्या तरुणाने कर्ज काढून छोटी मालवाहू गाडी घेतली आहे, त्याच्या दृष्टीने या एका निर्णयाचे महत्त्व अनेक शासकीय योजनांपेक्षा अधिक आहे. ट्रॅक्टरच्या परवान्यावर ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर चालविता येतो, हे तर २००१ च्या नागशेट्टी प्रकरणातच ठरले होते.

हे सारे त्रयस्थाच्या भरपाईपुरते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा करताना परवान्याची अट कठोरपणे लागू होते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी लग्नसराईत भाड्याने दिली आणि तिला अपघात झाला, तर पॉलिसीतील वापराच्या अटीचा भंग होतो. अशा वेळी दावा सरसकट न फेटाळता काही टक्के कमी करून द्यावा, हा मार्ग २०१० च्या अमलेंदू साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला.

मालक आणि मालकासारखा

मालक कोण, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. १९८८ च्या कायद्यानुसार ज्याच्या नावे नोंदणी तो मालक. हप्त्याने घेतलेल्या वा तारण ठेवलेल्या गाडीबाबत मात्र ती ज्याच्या ताब्यात आहे तो मालक. त्यामुळे केवळ कर्ज देणारी वित्तसंस्था भरपाईस जबाबदार नाही, हे २००८ आणि २०१४ च्या निर्णयांत स्पष्ट झाले. विक्रीच्या बाबतीत कायदा कठोर आहे. गाडी विकून, पैसे घेऊन, फॉर्म २९ व ३० वर सह्या करूनही नोंद बदलली नाही, तर जुना मालकच जबाबदार राहतो. फेब्रुवारी २०१८ च्या नवीनकुमार निर्णयात गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली असूनही नोंदणीकृत मालकालाच उत्तर द्यावे लागले. एम. एच. ३६ क्रमांकाची जुनी मोटारसायकल तीन गावांतून फिरून चौथ्या गावी चालत असते आणि तिचे नोंदणीपुस्तक पहिल्याच माणसाच्या नावावर असते, हा व्यवहार परिचित आहे. त्याचा कायदेशीर भार कोणावर आहे, हे विकणाऱ्याला अपघातानंतरच कळते.

उलट, विमा मात्र गाडीसोबत जातो. कलम १५७ नुसार विक्रीबरोबर पॉलिसीही नव्या मालकाकडे गेली असे मानले जाते. १९९५ च्या कम्प्लीट इन्शुलेशन्स प्रकरणाने त्याला मर्यादा घातली: त्रयस्थाचे संरक्षण जाते, स्वतःच्या नुकसानीचे आपोआप जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवावे लागते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत तर गाडीची नसून माणसाची असते. ती जुन्या मालकाजवळच राहते.

मागून नेलेल्या वाहनाबद्दलचा नियम ग्रामीण जीवनाशी सर्वाधिक विसंगत आहे. २००९ च्या निंगम्मा प्रकरणात दुसऱ्याची मोटारसायकल चालविणारा तरुण बैलगाडीला धडकून मरण पावला. गाडी मागून नेणारा हा मालकाच्या जागी उभा राहतो, आणि मालक स्वतःविरुद्ध भरपाई मागू शकत नाही, म्हणून दोष सिद्ध न करता मिळणारी भरपाई त्याच्या वारसांना मागता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. २०२० च्या रामखिलाडी प्रकरणात हाच नियम पुन्हा लागू झाला. वारसांना पॉलिसीतील वैयक्तिक अपघात कलमाप्रमाणे १ लाख रुपये तेवढे मिळाले. ज्या समाजात मोटारसायकल ही घरापेक्षा नातेवाइकांच्या गोतावळ्याची असते, तेथे हा नियम फार मोठ्या संख्येने लोकांना लागू होतो.

मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम २००२ च्या अखिल भारतीय दरपत्रकात दुचाकीस १ लाख व मोटारीस २ लाख होती. २०१८ मध्ये ती १५ लाख झाली. मात्र ती नोंदणीकृत मालकाला, आणि त्याच्याजवळ परवाना असेल तरच. स्कूटी पत्नीच्या नावे घेऊन पती चालवितो अशा घरात मालकिणीजवळ परवाना नसतो आणि चालविणारा मालक नसतो. हे संरक्षण दोघांनाही मिळत नाही.

हप्ता ठरताना न दिसणारा माणूस

१९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमाकर्त्यांचा व्यवसाय चार कंपन्यांत एकवटला. २००० साली खासगी कंपन्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. या साऱ्या काळात दर ठरविण्याची पद्धत मात्र वाहनकेंद्रीच राहिली. १ जुलै २००२ च्या दरपत्रकात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता इंजिनाची क्षमता, गाडीचे वय आणि विभाग यांवर ठरे. खासगी मोटारींसाठी भंडारा ‘ब’ विभागात, तर व्यापारी वाहनांसाठी ‘क’ विभागात येत असे. १ जानेवारी २००७ पासून हे दर मुक्त झाले. त्रयस्थ विम्याचे दर शासकीय नियंत्रणाखालीच राहिले. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीस ७१४ रुपये. चालविणारा अठरा वर्षांचा की पन्नास वर्षांचा, अनुभवी की नवखा, याने या आकड्यात फरक पडत नाही.

इंग्लंडमध्ये चालकाचे वय आणि अपघातांचा पूर्वेतिहास हाच हप्त्याचा पाया आहे. युरोपीय संघात तर स्त्री-पुरुष भेदावर दर ठरविण्यास २१ डिसेंबर २०१२ पासून बंदी घालावी लागली, इतके तेथे चालकाच्या व्यक्तिमत्त्वाला महत्त्व होते. भारतात जुलै २०२२ मध्ये नियामक प्राधिकरणाने गाडी किती व कशी चालविली यावर आधारित सवलतीस परवानगी दिली, तीही केवळ स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. अशा रीतीने पैसे घेताना कंपनी गाडीकडे पाहते आणि दावा आला की प्रथम माणसाकडे पाहते: कोण चालवीत होता, कोणत्या नात्याने बसला होता, कोणत्या कामाला निघाला होता. एका दृष्टीने ही समान दराची पद्धत ग्रामीण तरुणाला अनुकूल आहे, कारण इंग्लंडसारखी आकारणी झाली तर त्याला विमा परवडणारच नाही. पण तिची दुसरी बाजू अशी की जोखमीचे मोजमाप विक्रीच्या वेळी टाळले जाते आणि न्यायाधिकरणासमोर केले जाते.

२०१९ ची दुरुस्ती

२०१९ च्या दुरुस्ती कायद्यातील विम्याविषयीची प्रकरणे १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आली. दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर इजेसाठी २.५ लाख रुपये अशी तरतूद झाली. १९८२ मध्ये अशा मृत्यूसाठीची रक्कम १५,००० होती. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या बाबतीत मृत्यूस २ लाख रुपये मिळू लागले. विम्याविना गाडी चालविल्यास पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड झाला. तत्पूर्वीच, सप्टेंबर २०१८ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्या मोटारीस तीन व दुचाकीस पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घेणे अनिवार्य झाले होते. पहिल्या वर्षानंतर नूतनीकरणच न करणाऱ्या दुचाकीधारकांवर हा उपाय होता.

इतिहासाच्या दृष्टीने या दुरुस्तीतील सर्वांत लक्षणीय बदल एका व्याख्येत आहे. ‘त्रयस्थ’ या शब्दात आता परिवहन वाहनावरील चालक आणि सहकामगार यांचाही समावेश झाला. कायद्यात वाहनाच्या आत असलेल्या कामकरी माणसाला प्रथमच या शब्दाने ओळखले गेले. ट्रकचा चालक आणि क्लीनर या व्याख्येत येतात. शेतीचा ट्रॅक्टर मात्र परिवहनेतर गटात नोंदला जातो. त्यामुळे महामार्ग ५३ वरील मालट्रकच्या क्लीनरला जी व्याख्या मिळाली, ती त्याच महामार्गाला येऊन मिळणाऱ्या पांदण रस्त्यावर, रोवणीहून परतणाऱ्या ट्रॉलीतील स्त्रियांना अद्याप लागू झालेली नाही. त्यांच्या बाबतीत अजूनही २००७ चाच प्रश्न विचारला जातो: ट्रॉलीची वेगळी पॉलिसी होती काय, आणि त्या वेळी ती शेतीच्या कामावर होती काय.